आवृत्ती क्रमांक पाहून ‘सुरक्षित’ ठरवू नका

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

‘ओपनएसएसएलमध्ये गंभीर त्रुटी, ताबडतोब अपडेट करा’ अशा मथळ्याची बातमी अधूनमधून सगळ्याच वृत्तपत्रांत येते. ती चुकीची नसते, पण अर्धी असते. त्रुटी कोणत्या शाखेत, म्हणजे ३.० किंवा १.१.१ अशा आवृत्त्यांच्या मालिकेत आहे, कोणत्या परिस्थितीत ती लागू होते, दुरुस्ती कोणत्या आवृत्तीत आली आणि अपडेट केल्यावर आणखी काय करायचे उरते, हे तीत सापडत नाही. मग कार्यालयात वरिष्ठ विचारतात, ‘आपली आवृत्ती कोणती?’ सर्व्हर सांभाळणारा एक कमांड चालवून आकडा सांगतो आणि प्रकरण तिथेच मिटते. हा प्रश्न अपुरा आहे. विचारायला हवे ते हे: ही लायब्ररी आपल्याकडे कुठे कुठे आहे, त्या प्रत्येक प्रतीत दोषाचा कोड आहे का, आणि या घटकेला चालू असलेल्या प्रोसेसमध्ये, म्हणजे मेमरीत चालणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, दुरुस्त झालेला कोड आहे का? तिन्हींची उत्तरे वेगवेगळ्या ठिकाणी शोधावी लागतात, म्हणून हे सविस्तर पत्र.

ज्यांचा या विषयाशी संबंध येत नाही त्यांच्यासाठी एवढेच सांगतो की, संकेतस्थळाशी होणारे संभाषण कूटबद्ध करणे, समोरच्याचे सर्टिफिकेट तपासणे आणि खासगी किल्ल्या वापरून सही करणे, ही कामे असंख्य सर्व्हर, राउटर आणि अ‍ॅप्स स्वतः करत नाहीत. ती ओपनएसएसएल या मुक्तस्रोत लायब्ररीवर सोपवलेली असतात. त्यामुळे तिच्यातला एक दोष एकाच वेळी हजारो वेगवेगळ्या उत्पादनांत शिरतो, आणि दुरुस्तीही त्या प्रत्येक उत्पादनात वेगळ्या वाटेने आणि वेगळ्या वेळी पोचते.

आधी सूचना कशी येते ते पाहू. ओपनएसएसएल प्रकल्प त्रुटींना चार दर्जे देतो: क्रिटिकल, हाय, मॉडरेट आणि लो. वरच्या दर्जाची दुरुस्ती येणार असेल तर काही दिवस आधी फक्त तारीख आणि सर्वांत वरचा दर्जा जाहीर होतो, तपशील नाही. २५ ऑक्टोबर २०२२ रोजी, मंगळवारी, असेच जाहीर झाले की पुढच्या मंगळवारी ३.०.७ येईल आणि तीत क्रिटिकल दर्जाची दुरुस्ती असेल. लगेच ‘दुसरा हार्टब्लीड’ (हार्टब्लीड ही ओपनएसएसएलची २०१४ मधली गाजलेली त्रुटी) अशी चर्चा सुरू झाली. १ नोव्हेंबरला तपशील आला तेव्हा सीव्हीई-२०२२-३६०२ (सीव्हीई म्हणजे जाहीर झालेल्या त्रुटीला मिळणारा क्रमांक) आणि सीव्हीई-२०२२-३७८६ अशा दोन त्रुटी होत्या आणि दोन्हींचा दर्जा हाय होता.

दर्जा का उतरला, हे समजून घेण्यासारखे आहे. सर्टिफिकेटमधल्या ईमेल पत्त्याचा प्युनिकोड, म्हणजे इंग्रजीबाहेरची अक्षरे साध्या इंग्रजी अक्षरांत लिहिण्याची पद्धत, उलगडताना स्टॅकवरच्या (फंक्शनच्या तात्पुरत्या मेमरीतल्या) जागेबाहेर लिहिले जात होते. पहिल्या त्रुटीत हल्लेखोराच्या मर्जीतले चार बाइट बाहेर जात. दुसरीत कितीही बाइट जात, पण ते सगळे फक्त टिंबाचे. काही लिनक्स वितरणांत स्टॅकची मांडणी अशी निघाली की ते चार बाइट अजून वापरात न आलेल्या शेजारच्या जागेवर पडत आणि काहीच बिघडत नसे. अनेक प्लॅटफॉर्मवर स्टॅकचे संरक्षण असल्याने प्रोग्रॅम फार तर बंद पडला असता. शिवाय ही तपासणी सर्टिफिकेटच्या साखळीवरच्या सह्या पडताळून झाल्यावर होते. म्हणजे विश्वासू संस्थेने दुष्ट सर्टिफिकेटवर सही केलेली असायला हवी, किंवा विश्वासाची साखळी जुळली नाही तरी प्रोग्रॅमने तपासणी पुढे रेटायला हवी. सर्व्हर असेल तर तो क्लायंटकडे सर्टिफिकेट मागणारा असावा लागतो. साधे संकेतस्थळ ते मागत नाही. आणि मुख्य म्हणजे दोष फक्त ३.०.० ते ३.०.६ या आवृत्त्यांत होता. १.१.१ आणि १.०.२ या शाखांना त्याचा स्पर्शही नव्हता.

म्हणून त्या आठवड्यात पॅचपेक्षा यादी महत्त्वाची होती. ३.० कुठे आहे हे ज्यांच्याकडे लिहिलेले होते, त्यांनी आठवडाभरात ती यंत्रे बाजूला काढून क्रम लावून ठेवला असणार. ज्यांच्याकडे यादी नव्हती त्यांच्यासाठी आगाऊ मिळालेले सात दिवस म्हणजे नुसती धास्ती. घोषणेत शाखेचे नाव पहिल्या दिवसापासून होते. बातम्यांनी मथळ्याखाली ‘फक्त ३.०’ एवढे दोन शब्द ठळक छापले असते तरी पुष्कळांची धावपळ वाचली असती.

आता गुणांबद्दल. बातमीत बहुधा दहापैकी आकडा येतो, ९.८ किंवा ७.५. ओपनएसएसएल प्रकल्प स्वतः असे गुण देत नाही, कारण लायब्ररी कोणत्या प्रोग्रॅममध्ये आणि कशी वापरली जाते हे तिच्या लेखकांना कळण्याचा मार्ग नाही. गुण बाहेरच्या संस्था देतात, प्रामुख्याने अमेरिकेचा राष्ट्रीय त्रुटीसाठा, म्हणजे एनव्हीडी. दोन्ही मोजमापे किती दूर जाऊ शकतात याचा नमुना २०२२ च्या मे ते जुलै या काळात आहे. या कामात नवख्या माणसाने तो मुद्दाम अभ्यासावा.

३ मे २०२२ रोजी सीव्हीई-२०२२-१२९२ ही त्रुटी जाहीर झाली. ‘सी-रीहॅश’ नावाची एक पर्ल स्क्रिप्ट सर्टिफिकेटच्या फाइलींना हॅशवरून दुवे तयार करते. फाइलीच्या नावात शेलची खास चिन्हे असतील तर ती न गाळता शेलकडे पाठवली जात, त्यामुळे नावातूनच आज्ञा घुसवता येई. प्रकल्पाने दर्जा दिला मॉडरेट. एनव्हीडीने गुण दिले ९.८. ही स्क्रिप्ट कालबाह्य आहे, तिच्याऐवजी ओपनएसएसएलचीच ‘रीहॅश’ ही आज्ञा वापरावी, असे सूचनेतच म्हटले होते. लायब्ररीच्या कूटलेखनाशी तिचा काही संबंध नव्हता. तरी अहवालात ९.८ चमकला की सगळी यंत्रे लाल दिसतात. वास्तविक तपासायचे होते ते एवढेच: स्क्रिप्ट या यंत्रावर आहे का, ती आपोआप चालते का, आणि ज्या फोल्डरवर चालते त्यात परक्या माणसाला फाइल टाकता येते का.

त्या स्क्रिप्टमधल्या आणखी काही जागा सुटल्या होत्या. म्हणून २१ जूनला सीव्हीई-२०२२-२०६८ या क्रमांकाखाली १.१.१पी आणि ३.०.४ या आवृत्त्या आल्या. आणि याच ३.०.४ मध्ये एक नवा दोष शिरला. एव्हीएक्स-५१२ च्या आयएफएमए हा आज्ञासंच असलेल्या प्रोसेसरवर २०४८ बिटांच्या आरएसए खासगी किल्लीने गणित करताना हीपमधली (प्रोग्रॅमने चालताना मागून घेतलेली) मेमरी बिघडत होती. हा सीव्हीई-२०२२-२२७४, दर्जा हाय. ५ जुलैला ३.०.५ मध्ये दुरुस्त झाला. म्हणजे ज्याने न वापरल्या जाणाऱ्या स्क्रिप्टवरचा ९.८ पुसण्यासाठी घाईने ३.०.४ बसवली, त्याने एक निरुपद्रवी नोंद देऊन खराखुरा धोका घेतला. १.१.१पी वर गेलेल्यांना हा दोष लागला नाही. यावरून अपडेट लांबवावे असे कोणी समजू नये. सूचना मुळातून वाचावी, ती साधारण एक-दोन पानांची असते, आणि नव्या आवृत्तीसाठीही त्रुटींच्या नोंदवहीत एक ओळ उघडी ठेवावी, एवढेच म्हणणे आहे.

सूचना वाचताना कशावर बोट ठेवायचे, त्यासाठी सीव्हीई-२०२२-०७७८ घ्या. १५ मार्च २०२२ रोजी जाहीर झालेला हा दोष ‘बीएन-मॉड-स्क्वेअर-रूट’ या फंक्शनमध्ये होता. अविभाज्य नसलेल्या संख्येच्या सापेक्ष वर्गमूळ काढायला दिले की ते कधीच थांबत नसे. दुष्ट सर्टिफिकेटमध्ये कूटलेखनात वापरल्या जाणाऱ्या वक्राचे आकडे स्पष्ट लिहून ही स्थिती घडवता येते. धोका ज्या वाक्यात आहे ते वाक्य असे की, सर्टिफिकेटचे वाचन सही पडताळण्याच्या आधी होते. इथे विश्वासू सहीची अट आड येत नाही. नोव्हेंबरच्या त्रुटींच्या नेमकी उलट परिस्थिती. म्हणून बाहेरचे सर्टिफिकेट किंवा किल्ली जिथे जिथे वाचली जाते त्या सगळ्या जागा यादीत येतात: दुसऱ्या सर्व्हरशी जोडणारे क्लायंट, क्लायंटचे सर्टिफिकेट मागणारे सर्व्हर, ग्राहकाने अपलोड केलेले सर्टिफिकेट स्वीकारणारी होस्टिंग पॅनेले, सर्टिफिकेटचे अर्ज तपासणाऱ्या संस्था. माहिती चोरीला जात नाही, पण सीपीयूचा एक कोअर शंभर टक्क्यांवर अडकून पडतो. दुरुस्ती १.१.१एन, ३.०.२ आणि पैसे भरून आधार घेणाऱ्यांसाठी १.०.२झेडडी या आवृत्त्यांत आली.

आता आवृत्तीच्या आकड्याचा घोळ. सर्वांत जास्त चुका इथेच होतात.

लिनक्सची वितरणे, म्हणजे रेड हॅट, उबुंटू यांसारखे तयार संच, सहसा नवी आवृत्ती आणत नाहीत. जुन्याच आवृत्तीत फक्त दुरुस्तीचा तुकडा मागे नेऊन बसवतात. रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स ८ मध्ये ओपनएसएसएल १.१.१के या नावावरच थांबलेली आहे. वरच्या वर्गमूळाच्या त्रुटीची मूळ दुरुस्ती १.१.१एन मध्ये असली तरी रेड हॅटने ती १.१.१के-६ या पॅकेजमध्ये दिली. बाहेरून येणारा, त्रुटी शोधणारा स्कॅनर १.१.१के पाहतो, ‘एन’पेक्षा जुनी म्हणतो आणि धोक्याची नोंद करतो. अपाची सर्व्हर काही सेटिंगमध्ये उत्तराच्या हेडरमध्येच ही आवृत्ती सांगतो, म्हणून असा अहवाल यंत्रावर पाय न ठेवताही तयार होतो. तो खोटा इशारा असतो.

याच्या उलट बाजू जास्त घातक आहे. उबुंटू २२.०४ मध्ये ओपनएसएसएल ३.०.२ आहे. नोव्हेंबर २०२२ च्या दोन त्रुटींची दुरुस्ती तिथे ३.०.२-०उबुंटू१.७ या पॅकेजमध्ये आली. आधीचे १.६ दोषी, नंतरचे १.७ दुरुस्त. आणि ‘ओपनएसएसएल व्हर्जन’ ही आज्ञा दोन्ही यंत्रांवर एकच ओळ छापते, ‘ओपनएसएसएल ३.०.२, १५ मार्च २०२२’. ती तारीख मूळ आवृत्तीची आहे, पॅकेज बांधल्याची नव्हे. आज्ञेला सर्व तपशील मागणारा ‘ए’ हा पर्याय जोडला की ‘बिल्ट ऑन’ अशी वेगळी ओळ येते; तीवरून निदान बांधणीचा दिवस कळतो. त्याच उत्तरात ‘लायब्ररी’ असाही उल्लेख असतो. आज्ञेचा प्रोग्रॅम आणि तो वापरत असलेली लायब्ररी वेगवेगळ्या आवृत्तीच्या असू शकतात. आपल्याला हवी ती लायब्ररी.

खात्रीचा मार्ग म्हणजे पॅकेजचा पूर्ण क्रमांक आणि त्याचा चेंजलॉग, म्हणजे बदलांची यादी. आरपीएम वापरणाऱ्या यंत्रावर ‘ओपनएसएसएल-लिब्ज’ या पॅकेजचा चेंजलॉग मागून त्यात सीव्हीई क्रमांक शोधावा. नुसत्या ‘ओपनएसएसएल’ पॅकेजवर थांबू नये, लायब्ररी ‘लिब्ज’मध्ये असते. डेबियन आणि उबुंटूवर पॅकेजचे नाव ‘लिबएसएसएल’ आणि पुढे आकडा असे असते. तिथेही चेंजलॉगमध्ये क्रमांक सापडतो. क्रमांक सापडला, तर ती ओळ जशीच्या तशी नोंदवहीत चिकटवावी. पुढच्या तपासणीत कोणी विचारले तर ‘आम्ही अपडेट केले आहे’ या वाक्यापेक्षा ती ओळ दाखवता येते.

यंत्रावरची पॅकेजे तपासून झाली म्हणजे प्रती संपल्या असे नाही. जावास्क्रिप्ट चालवणारा नोड.जेएस आपल्या पोटात ओपनएसएसएल घेऊन येतो. यंत्रावरची लायब्ररी बदलली तरी त्याला फरक पडत नाही. नोडची नवी आवृत्तीच बसवावी लागते. पायथनच्या बाबतीत एकाच प्रोग्रॅममध्ये दोन प्रती असू शकतात. पायथनचे स्वतःचे एसएसएल मॉड्यूल यंत्रावरची लायब्ररी वापरते, आणि ‘क्रिप्टोग्राफी’ हे पॅकेज पायपीआय या पॅकेज-साठ्यावरच्या तयार बांधणीतून (व्हीलमधून) घेतले असेल तर त्यात ओपनएसएसएलची वेगळी प्रत आतच जोडलेली असते. पहिलीची आवृत्ती पाहून दुसरीबद्दल काही कळत नाही. दोघांनाही वेगवेगळे विचारावे लागते, आणि दोघांचीही त्यासाठी सोय आहे. विंडोजवर तर अनेक प्रोग्रॅम आपापल्या फोल्डरमध्ये स्वतःची डीएलएल ठेवतात. कंटेनरच्या, म्हणजे प्रोग्रॅम आणि त्याला लागणारे सगळे एकत्र बांधलेल्या पेटीच्या, प्रत्येक इमेजमध्ये लायब्ररीची वेगळी प्रत असते. होस्ट यंत्र अपडेट केल्याने त्यांना काहीही मिळत नाही, मूळ इमेज नव्याने ओढून पुन्हा बांधावी लागते. बांधताना जुना साठवलेला थर वापरला गेला तर नवी इमेज जुनीच लायब्ररी घेऊन बाहेर पडते. म्हणून त्या वेळी साठवलेले थर न वापरण्याचा पर्याय द्यावा.

पोटात लपलेल्या प्रती शोधायला एक साधी युक्ती आहे. लायब्ररीच्या आत तिचे नाव, आवृत्ती आणि तारीख ही साध्या अक्षरांत असते. ‘स्ट्रिंग्ज’ ही आज्ञा बायनरी फाइलीवर चालवून ‘ओपनएसएसएल १.’ आणि ‘ओपनएसएसएल ३.’ अशा सुरुवातीच्या ओळी शोधल्या की स्थिर जोडणीने आत घेतलेली प्रतही बहुतेक वेळा पकडली जाते. फाइलीचे नाव बदललेले असले तरी ही ओळ राहते. संपूर्ण डिस्कवर हे एकदा चालवावे, यादी करावी, आणि प्रत्येक ओळीपुढे ती प्रत कोणाच्या अपडेटने बदलते ते लिहावे: वितरणाच्या, भाषेच्या पॅकेजच्या, की विक्रेत्याच्या. राउटर, कॅमेरा, स्टोरेज यांच्या फर्मवेअरमध्ये असे डोकावता येत नाही. तिथे विक्रेत्याकडे घटकसूची, म्हणजे आत कोणकोणते सॉफ्टवेअर आहे त्याची यादी, मागावी. एसपीडीएक्स आणि सायक्लोनडीएक्स हे तिचे दोन रुळलेले नमुने आहेत. खरेदीच्या अटींतच ती मागून ठेवणे सोपे, नंतर मिळवणे कठीण.

ओपनएसएसएलपासून फुटलेल्या लायब्ररींचा हिशेब वेगळा ठेवावा लागतो. हार्टब्लीडनंतर २०१४ मध्ये ओपनबीएसडीच्या मंडळींनी लिबरएसएसएल आणि गुगलने बोरिंगएसएसएल काढली. वर्गमूळाचा दोष जुन्या, सामाईक कोडमधला असल्याने लिबरएसएसएललाही दुरुस्ती करावी लागली. प्युनिकोडचा दोष ३.० साठी नव्याने लिहिलेल्या कोडमध्ये होता, म्हणून तो तिला लागला नाही. तेव्हा ‘आम्ही ओपनएसएसएल वापरत नाही’ हे उत्तर दर वेळी पुरत नाही.

आता तिसरा प्रश्न, चालू प्रोसेसचा. लिनक्सवर लायब्ररीची फाइल बदलली तरी आधीपासून चालू असलेली प्रोसेस मेमरीत जुनीच प्रत धरून बसते. पॅकेज नवे, चेंजलॉग स्वच्छ, आणि बाहेरच्याशी बोलणारा कोड मात्र जुना, अशी अवस्था यंत्र पुढच्या वेळी बंद होईपर्यंत टिकते. सर्व्हर वर्ष-वर्ष बंद होत नाहीत. तपासायला प्रोसेसचा मेमरी-नकाशा, म्हणजे ‘प्रॉक’ फोल्डरमधली ‘मॅप्स’ ही फाइल उघडावी. लिबएसएसएल किंवा लिबक्रिप्टोच्या ओळीपुढे ‘डिलीटेड’ असे दिसले की ती प्रोसेस जुन्या प्रतीवर आहे. ‘एलएसओएफ’ने सगळ्या प्रोसेसची अशी यादी एकदम मिळते, डेबियनकडे ‘नीडरीस्टार्ट’ आणि रेड हॅटकडे ‘नीड्स-रीस्टार्टिंग’ ही तयार साधनेही आहेत.

इथे एनजिनएक्सचे उदाहरण जवळून पाहू. सेटिंग बदलल्यावर आपण त्याला ‘रीलोड’ देतो, सेवा खंडित होत नाही, म्हणून सवयीने पॅचनंतरही रीलोडच दिला जातो. रीलोडमध्ये मुख्य प्रोसेस तीच राहते, फक्त तिच्या हाताखालच्या कामकरी प्रोसेस नव्या जन्माला येतात. त्या मुख्य प्रोसेसमधूनच फुटत असल्याने तिच्या मेमरीतली जुनी लायब्ररी घेऊनच येतात. प्रोसेसची सुरू झाल्याची वेळ ताजी दिसते आणि फसवते. पूर्ण रीस्टार्ट द्यावा, किंवा सेवा खंडित करायची नसेल तर ‘यूएसआर-२’ हा सिग्नल देऊन नवी मुख्य प्रोसेस उभी करावी आणि मग जुनी उतरवावी. त्यानंतर मेमरी-नकाशा पुन्हा पाहावा. मेलचा सर्व्हर, डेटाबेस, व्हीपीएन आणि देखरेखीचे एजंट या यादीतून हमखास सुटतात, कारण वेब सर्व्हर सोडून इतर कोणी ही लायब्ररी वापरते हे लक्षातच येत नाही.

काही त्रुटींत रीस्टार्टनेही काम संपत नाही. ७ एप्रिल २०१४ रोजी जाहीर झालेल्या हार्टब्लीडमध्ये, म्हणजे सीव्हीई-२०१४-०१६० मध्ये, १.०.१ ते १.०.१एफ या आवृत्त्या एका विनंतीला सर्व्हरच्या मेमरीतले ६४ किलोबाइटपर्यंत बाहेर देत होत्या, आणि विनंती कितीही वेळा करता येत होती. नेहमीच्या लॉगमध्ये याचा मागमूस राहत नसे. त्यामुळे ‘आमच्यावर हल्ला झाल्याचे दिसत नाही’ या विधानाला काही किंमत नव्हती. १.०.१जी बसवल्याने गळती थांबली, पण आधी बाहेर गेलेली खासगी किल्ली बाहेरच राहिली. अशा वेळी क्रम पाळावा लागतो: आधी पॅच, मग रीस्टार्ट, मग नवी किल्ली, तिच्यावर नवे सर्टिफिकेट, जुने सर्टिफिकेट रद्द, आणि शेवटी वापरकर्त्यांचे पासवर्ड व चालू सत्रे बदलणे. पॅचच्या आधी नवी किल्ली तयार केली तर तीही गळते. जुन्याच किल्लीवर नवे सर्टिफिकेट घेणे ही दुसरी चूक. सर्टिफिकेटची तारीख नवी दिसते आणि किल्ली तीच राहते.

किल्ल्यांच्या बाबतीत सर्वांत कडू प्रकरण त्याच्याही आधीचे आहे. सप्टेंबर २००६ मध्ये डेबियनने आपल्या ओपनएसएसएल पॅकेजमध्ये, मेमरी तपासणाऱ्या साधनाच्या तक्रारी बंद करण्यासाठी, कोडमधला एक भाग काढून टाकला. त्याने यादृच्छिक संख्या बनवणाऱ्या यंत्रणेत जवळजवळ सगळा मालच पडेनासा झाला. उरला तो प्रोसेसचा क्रमांक. तो ३२,७६८ च्या आत असतो, म्हणजे एका प्रकारच्या यंत्रावर ठरावीक लांबीच्या किल्ल्या फक्त तेवढ्याच निघू शकत. १३ मे २००८ रोजी सीव्हीई-२००८-०१६६ म्हणून हे जाहीर झाले. मूळ ओपनएसएसएलमध्ये हा दोष कधीच नव्हता. मूळ प्रकल्पाच्याच सूचना वाचणाऱ्याला याचा पत्ता लागला नसता. किल्ली डेबियनवर बनवून दुसऱ्या यंत्रावर नेली असेल तर दोष तिच्याबरोबर गेला, तिथे डेबियन असो वा नसो. आणि डीएसए किल्ल्यांचा नियम आणखी कडक होता. किल्ली दुसरीकडे चांगली बनवलेली असली तरी दोषी यंत्रावर तिने एकदा सही केली असेल तर ती फुटली असे धरायचे, कारण डीएसएच्या प्रत्येक सहीत एक गुप्त यादृच्छिक संख्या लागते आणि ती ओळखता आली की किल्लीच काढता येते. म्हणून नोंदवहीत ‘किल्ली कुठे तयार झाली’ आणि ‘कुठे कुठे वापरली’ असे दोन रकाने लागतात. ते आजही बहुतेकांकडे नाहीत.

नोंदवहीचे म्हणाल तर तिला महागडे सॉफ्टवेअर लागत नाही. एका ओळीत एक त्रुटी आणि एक प्रत. सीव्हीई क्रमांक, प्रतीची जागा, मूळ प्रकल्पाने सांगितलेली लागू होण्याची अट, ती अट आपल्याकडे पुरी होते का, निर्णय, पुरावा, तारीख. निर्णयाला चारच शब्द पुरतात: लागू नाही, लागू आहे, दुरुस्त झाली, तपास चालू. त्रुटी लागू आहे की नाही हे कळवण्याच्या व्हेक्स या नमुन्यात हेच चार आहेत, त्यामुळे पुढे यंत्राने वाचण्याजोगे करायचे झाले तरी फेरलेखन करावे लागत नाही. ‘लागू नाही’ याच्यापुढे कारण सक्तीचे ठेवावे. ‘क्लायंटचे सर्टिफिकेट मागत नाही’ हे कारण त्या सेटिंगवर उभे आहे. उद्या कोणी ते सेटिंग चालू केले तर निर्णय उलटतो. म्हणून त्या सेटिंगचे नाव आणि फाइल दोन्ही लिहावीत.

लो दर्जाच्या त्रुटींसाठी एक खास सूचना. त्यांच्यासाठी प्रकल्प वेगळी आवृत्ती काढतोच असे नाही. दुरुस्ती उघड्या कोड-साठ्यात येते आणि पुढच्या नियमित आवृत्तीची वाट पाहते. सीव्हीई-२०२३-०४६४ मार्च २०२३ मध्ये जाहीर झाला. तो दुरुस्त केलेल्या १.१.१यू आणि ३.०.९ या आवृत्त्या ३० मे रोजी आल्या. मधल्या काळात स्कॅनर दोष दाखवतो आणि बसवायला आवृत्तीच नसते. अशा ओळीला ‘लागू आहे, आवृत्तीची प्रतीक्षा’ असे लिहून तारीख टाकावी. ओळ लपवू नये किंवा घाबरून कोड-साठ्यातली अर्धवट प्रत थेट सर्व्हरवर चढवू नये.

माहितीचा स्रोतही एकच ठेवू नये. २०२४ च्या फेब्रुवारीपासून एनव्हीडीचे त्रुटींना तपशील आणि गुण जोडण्याचे काम मंदावले आणि हजारो नोंदी नुसत्या क्रमांकानिशी पडून राहिल्या. ज्यांची साधने फक्त तिथून माहिती ओढत होती, त्यांच्या अहवालात त्या त्रुटी दिसेनाशा झाल्या, आणि अहवाल कोरा दिसला की माणूस निर्धास्त होतो. मूळ प्रकल्पाच्या सूचना, आपल्या वितरणाचा सुरक्षा-माग आणि ओएसव्हीसारखा मुक्त त्रुटीसाठा असे तीन स्रोत निदान असावेत. तिघांत विसंगती आढळली तर वितरणाचे पॅकेज वापरणाऱ्याने वितरणाचे म्हणणे प्रमाण मानावे, स्वतः बांधून वापरणाऱ्याने मूळ प्रकल्पाचे.

राहता राहिला आधार संपलेल्या शाखांचा विषय. तो तातडीचा आहे. १.०.२ शाखेचा सार्वजनिक आधार ३१ डिसेंबर २०१९ ला आणि १.१.१ चा ११ सप्टेंबर २०२३ ला संपला. १.१.१डब्ल्यू ही सर्वांना मिळालेली शेवटची आवृत्ती. त्यापुढची अक्षरे फक्त पैसे भरणाऱ्यांना मिळतात. वितरण स्वतः दुरुस्त्या मागे आणत असेल तर प्रश्न नाही, पण स्वतः बांधलेली किंवा कोणाच्या प्रोग्रॅमच्या पोटात आलेली १.१.१ असेल तर तिच्या नव्या त्रुटी उघड्याच राहणार. दीर्घ आधाराच्या ३.० शाखेची मुदत ७ सप्टेंबर २०२६ पर्यंत आहे. तिच्यानंतरची दीर्घ आधाराची शाखा ३.५, ८ एप्रिल २०२५ रोजी आली आणि एप्रिल २०३० पर्यंत चालेल.

१.१.१ वरून निघणाऱ्याला प्रोग्रॅम पुन्हा बांधावे लागतात, कारण लायब्ररीच्या फाइलीचा क्रमांकच १.१ वरून ३ झाला आहे. शिवाय एमडी-४ आणि आरसी-४ सारखी जुनी अल्गोरिदम ३.० पासून ‘लेगसी’ प्रोव्हायडरमध्ये, म्हणजे मुद्दाम चालू कराव्या लागणाऱ्या वेगळ्या भागात, गेली आहेत. ती वापरणारा जुना कोड बांधताना तक्रार करत नाही, चालताना अडतो. म्हणून बांधणी यशस्वी झाली एवढ्यावर न थांबता जुन्या सिस्टिमशी बोलणारा प्रत्येक रस्ता चालवून पाहावा. ३.० वरून ३.५ वर जाताना फाइलीचा क्रमांक ३ च राहतो आणि जुने बांधलेले प्रोग्रॅम चालायला हवेत, पण वर सांगितलेल्या पोटातल्या प्रतींना हे लागू नाही. त्यांची यादी करायला जो वेळ लागतो तो मुदतीच्या आधीच हाताशी ठेवावा.

आपले,
सर्व्हर आणि संगणक सुरक्षेचे काम करणारे काही वाचक